सगळ्या रेड सारख्याच लागतात? मग लाँग वीकेंडला असं करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नला येऊन सहा वर्षं झाली, घरी अधूनमधून वाइन येते, पण रेड सगळ्या सारख्याच लागतात आणि व्हाइट नुसत्या आंबट. जूनच्या लाँग वीकेंडला सिडनीहून एक जोडपं मुक्कामाला येतंय. चौघांनी घरीच निवांत बसून ऑस्ट्रेलियन वाइनची नीट तुलना करायची आहे. किती बाटल्या आणायच्या, कोणत्या, आणि एक ग्रेंज, म्हणजे ती इथली नावाजलेली महागडी रेड, आणावी का?

मी मूळची निफाडची, घरची द्राक्षबाग. गेली 18 वर्षं साउथ ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीत लोकांना वाइन चाखवण्याचं काम करते. हाच प्रश्न मला आठवड्याला एकदा तरी ऐकू येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ग्रेंजचं. आणू नका. वाइन थोरच आहे. पेनफोल्ड्स कंपनीच्या मॅक्स शुबर्टनी 1951 मध्ये ती पहिल्यांदा केली तीच मुळी कित्येक वर्षं ठेवून प्यायची म्हणून. 1957 मध्ये कंपनीने त्यांना ती बंद करायला सांगितलं, तरी पुढची तीन वर्षं ते ती गुपचूप करत राहिले, म्हणून ती आज आहे. पण ती वेगवेगळ्या भागांतली द्राक्षं एकत्र करून बनते. एका जागेची चव दुसऱ्या जागेहून कशी वेगळी, हे तिच्यावरून कळणार नाही. शिवाय एवढी महाग बाटली टेबलावर असली की बाकीच्या बाटल्यांकडे कोणी मोकळ्या मनाने बघत नाही.

आता, सगळ्या रेड सारख्या का लागतात? तुमची जीभ कमी पडते असं मला अजिबात वाटत नाही. घरातल्या रिकाम्या बाटल्यांची लेबलं बघा. बऱ्याच लेबलांवर ‘साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया’ लिहिलेलं सापडेल. हे नाव एखाद्या खोऱ्याचं वाटतं, पण त्यात अख्खं व्हिक्टोरिया, अख्खं न्यू साउथ वेल्स, टास्मानिया आणि क्वीन्सलँड व साउथ ऑस्ट्रेलियाचा काही भाग येतो. अशा वाइनमध्ये कुठकुठची द्राक्षं एकत्र येतात, त्यांतली पुष्कळशी देशाच्या आतल्या भागात नदीच्या पाण्यावर पिकवलेली. दरवर्षी एकसारखी चव द्यायची हेच तिचं काम, आणि ते ती चोख करते. तुम्ही सहा वर्षं त्या एकाच चवीच्या वेगवेगळ्या बाटल्या घेतल्या असाव्यात. या खेपेला लेबलावर छोट्या जागेचं नाव असेल तेच घ्या: क्लेअर व्हॅली, बरोसा व्हॅली, ग्रँपियन्स, कूनावारा, मार्गारेट रिव्हर. इथल्या नियमाप्रमाणे लेबलावर जागेचं, द्राक्षाचं किंवा सालाचं नाव घालायचं तर किमान 85 टक्के माल त्याचाच लागतो. त्यामुळे नावावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट तुलनेची. माणसं एक शिराझ, एक पिनो, एक मर्लो आणतात, चाखतात आणि म्हणतात, ‘वेगळ्या आहेत खऱ्या, पण काय वेगळं ते सांगता येत नाही.’ कसं येईल? द्राक्ष वेगळं, गाव वेगळं, साल वेगळं, किंमत वेगळी. बागेत खताचा प्रयोग करताना आपण एका ओळीला खत घालतो आणि शेजारची ओळ तशीच ठेवतो. इथेही तेच. एकच गोष्ट बदला, बाकी सगळं शक्य तेवढं सारखं ठेवा. म्हणून बाटल्या जोडीने घ्यायच्या. तीन जोड्या आणि शेवटाला एक छोटी गोड बाटली, दोन दिवसांना एवढं भरपूर झालं. शनिवारी रिझलिंग (व्हाइट) आणि शिराझ (रेड), रविवारी काबर्ने (रेड).

पहिली जोडी रिझलिंगची. क्लेअर व्हॅली ॲडलेडच्या उत्तरेला साधारण 130 किलोमीटरवर आहे. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा. तिथली यंदाची किंवा गेल्या वर्षीची एक बाटली घ्या आणि सात-दहा वर्षं जुनी एक, जमलं तर एकाच वाइनरीची. जुनी मिळवायला थोडी शोधाशोध लागेल, चांगल्या स्वतंत्र दुकानात विचारलंत तर मिळते. इथे फक्त वय बदलतं. नवी रिझलिंग लिंबाची साल नखाने खरवडल्यासारखी, धारदार. जुनी उघडली की मात्र एक अगदी ओळखीचा वास येतो.

त्या वासाची गोष्ट सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वी एक साताऱ्याचं कुटुंब आलं होतं, बरोबर मुलाची सत्तरीची आई. त्या पीत नव्हत्या, नुसता ग्लास हातात घेऊन हुंगत होत्या. बाकीची मंडळी मी दिलेल्या कागदावर ‘फुलांचा’, ‘लिंबाचा’ असं काहीबाही शोधत होती. बाईंनी जुन्या रिझलिंगचा ग्लास नाकाला लावला आणि म्हणाल्या, ‘अगं, स्टोव्ह पेटवल्यावर येतो तसा वास आहे हा.’ अगदी बरोबर. तो रॉकेलचाच वास. त्या द्राक्षाच्या सालीतल्या घटकांपासून बाटलीत हळूहळू टीडीएन नावाचा पदार्थ तयार होतो, ऊन जास्त लागलेल्या द्राक्षात अधिकच. जुन्या रिझलिंगचे चाहते याच वासासाठी पैसे मोजतात. थोडा असला की त्याच्यामागे मध आणि भाजलेल्या पावाचा वास येतो. फार झाला की सगळं झाकून टाकतो. कुठे थांबायला हवं, यावर तुमच्या चौघांत एकमत होणार नाही, आणि तिथूनच खरी चर्चा सुरू होईल.

म्हणून माझा आग्रह आहे की नोंदी मराठीत करा. इंग्रजी टेस्टिंग नोट्समधल्या बेऱ्या आपण लहानपणी खाल्लेल्या नसतात, त्यामुळे ते शब्द वाचून नाकाला काहीच आठवत नाही. जांभूळ, आमसूल, काकवी, मोरावळा, सुकं खोबरं, निलगिरीचं तेल, पापनस, पावसाळ्यातली पहिली माती, हे तुमचे शब्द. चवीच्या बाबतीत तर आपण नशीबवान आहोत. ‘तुरट’ हा शब्द आपल्या घरातल्या लहान पोरालाही कळतो. इथे मला पाहुण्यांना टॅनिन म्हणजे काय हे समजावताना थंड झालेल्या काळ्या चहाचं उदाहरण द्यावं लागतं. तुम्हाला कच्चं केळं म्हटलं की पुरे. आंबट आणि तुरट यांत गल्लत होते तेव्हा एवढंच करा: घोट गेल्यावर तोंड मिटून मान जरा खाली झुकवा. गालांच्या आतून लाळ सुटली तर तो आंबटपणा. हिरड्या कोरड्या पडून ओठ दातांना चिकटल्यासारखे झाले तर तुरटपणा. रिझलिंगमध्ये पहिलं घडेल, रविवारच्या काबर्नेमध्ये दोन्ही.

दुसरी जोडी शिराझची, आणि माझ्या मते अख्ख्या वीकेंडचा जीव हिच्यात आहे. एक बरोसा व्हॅलीची, एक ग्रँपियन्सची. एकाच सालाच्या, किंमतही जवळपास सारखी, 30 ते 40 डॉलरच्या आसपास. द्राक्ष तेच, पण बरोसा उष्ण आणि पश्चिम व्हिक्टोरियातलं ग्रँपियन्स थंड. बरोसाची शिराझ दाट, पिकल्या जांभळाची, वर थोडं चॉकलेट. तिच्यात खोबऱ्याचा नि व्हॅनिलाचा वास आला तर ती अमेरिकन ओकच्या पिंपात राहिलेली असण्याची शक्यता मोठी. त्या लाकडातच खोबऱ्याच्या वासाचा एक घटक भरपूर असतो. लेबलावर अल्कोहोल बघा, साडेचौदा-पंधरा टक्के दिसेल. ग्रँपियन्सची त्यामानाने सडसडीत, आणि ग्लास फिरवला की मिरी. नुकती कुटलेली काळी मिरी.

हा नुसता भास नाही. ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं की शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या पदार्थाचा असतो आणि खऱ्या मिरीतही तोच असतो. थंड जागी सावकाश पिकलेल्या द्राक्षात तो जास्त सापडतो. त्यांनाच आणखी एक गोष्ट आढळली: सुमारे पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही. तेव्हा तुमच्यापैकी एकजण ‘मला नाही बुवा मिरी येत’ म्हणाला, तर त्याच्यामागे लागू नका. तो खरंच बोलत असेल, आणि त्याच्या नाकाला दुसरं काही आधी जाणवत असेल.

बरोसाबद्दल एक सांगायचं राहू द्यायचं नाही. 1842 पासून तेव्हाच्या प्रशियातल्या सायलेशियातून आलेल्या लुथरन पंथीयांनी हे खोरं वसवलं. लँगमाइल वाइनरीच्या बागेतले शिराझचे काही वेल 1843 सालचे मानले जातात, आणि ते अजून घड देतात. युरोपातल्या बागा फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने उद्ध्वस्त केल्या. 1877 मध्ये ती तुमच्या जवळच्या जिलाँगलाही पोहोचली. साउथ ऑस्ट्रेलियाने 1899 मध्ये कडक कायदा केला आणि ती कीड इथे कधी शिरलीच नाही. त्यामुळे हे वेल कलमाविना, स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. आमच्याकडे निफाडला डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेली बाग, आणि पंधरा-वीस वर्षांत ती काढून नवी लावायची, हे बघत मी मोठी झाले. इथे आल्यावर पहिल्यांदा शंभरी ओलांडलेल्या वेलाच्या खोडाला हात लावला तेव्हा वडिलांना फोन केला होता. ते बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी विचारलं, ‘छाटणी कोण करतं?’ दुकानात ‘ओल्ड व्हाइन’ लिहिलेली बाटली दिसली तर एवढं लक्षात घ्या की बरोसाच्या 2009 च्या सनदेप्रमाणे 35 वर्षांच्या पुढचा वेल जुना, 100 च्या पुढचा शतायुषी आणि 125 च्या पुढचा पूर्वज. नुसतं ‘ओल्ड’ म्हणजे शंभर वर्षांचा असं नाही.

तिसरी जोडी काबर्ने सोव्हिन्यॉंची, कूनावारा आणि मार्गारेट रिव्हर. कूनावारा म्हणजे चुनखडीवर पसरलेल्या लाल मातीची, सुमारे पंधरा किलोमीटर लांब आणि अगदी अरुंद पट्टी. तिथल्या काबर्नेत ब्लॅककरंट आइस्क्रीमची आठवण आणि वर पुदिना किंवा निलगिरी. निलगिरीची झाडं बागेच्या जवळ असली की त्यांचं तेल द्राक्षाच्या सालीवर येऊन बसतं, तुटलेली पानं घडांबरोबर टाकीत जातात, आणि वास थेट वाइनमध्ये उतरतो. मार्गारेट रिव्हर दुसऱ्या टोकाला, पश्चिम किनाऱ्यावर. तिथली वाइन तुलनेने अलीकडची. जॉन ग्लॅडस्टोन्स या शास्त्रज्ञाने 1965-66 मध्ये लिहिलं की इथलं हवामान काबर्नेला योग्य आहे, आणि 1967 मध्ये टॉम कलिटी नावाच्या डॉक्टरने वास फेलिक्सची बाग लावली. समुद्राची हवा, टोकाची थंडी नाही की टोकाचं ऊन नाही. चव जास्त नेटकी, तमालपत्रासारखा सुका हिरवा वास, आणि तुरटपणा बारीक दळलेला.

आता कसं चाखायचं. वेळ सकाळी अकराची. संध्याकाळी जीभ दिवसभराची दमलेली असते. तासभर आधी कॉफी नाही, दात घासणं नाही, अत्तर नाही. आणि कृपा करून त्या वेळी घरात फोडणी नको, उदबत्तीही नको. देवघर दुसऱ्या खोलीत असलं तरी वास येतो. ग्लास सगळे एका आकाराचे घ्या आणि आदल्या दिवशी नुसत्या गरम पाण्याने धुऊन हवेवर वाळवा. कपाटात पालथे ठेवलेले ग्लास लाकडाचा वास धरतात. माझ्या पहिल्याच वर्षी आठ पाहुण्यांसमोर एका वाइनला मी दमट वासाची म्हणाले, आणि दोष ग्लासांचा निघाला. तेव्हापासून वाइन ओतण्याआधी मी रिकामा ग्लास हुंगते.

जून म्हणजे तुमच्याकडे हीटर चालू. खोली बावीस-तेवीसवर गेली की रेडमधलं अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकी सगळं मागे पडतं. ‘रेड खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला हीटर नसलेल्या दगडी घरांचा आहे. रेड 16-17 अंशांवर हवी, म्हणजे तुमच्या मागच्या व्हरांड्यात अर्धा तास. रिझलिंग फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं ठेवा, बर्फासारखी गार असली तर तिला वासच नसतो.

प्रत्येकी 30 मिली ओता. औषधाच्या मापाने एकदा मोजून बघा, ग्लासात कुठवर येतं ते कळेल, पुढे अंदाजाने जमतं. शनिवारी चार वाइन, म्हणजे माणशी 120 मिली. साडेतेरा टक्के धरले तरी हे सव्वा स्टँडर्ड ड्रिंकच्या (इथे एक म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल) आसपास जातं, आणि थुंकलंत तर फारच कमी. थुंकायला लाजू नका, प्रत्येकाजवळ एक मग ठेवा, आम्ही कामावर दिवसभर तेच करतो. अख्ख्या बरोसा शिराझच्या बाटलीत साडेआठ स्टँडर्ड ड्रिंक असतात, लेबलावर छापलेलंच असतं. इथल्या आरोग्य खात्याच्या मार्गदर्शनात एका दिवसात चारपेक्षा आणि आठवड्यात दहापेक्षा जास्त नको, असं आहे. मोजायला सोपा आकडा आहे, पाळा. पाहुणे मुक्कामाला आहेत हे उत्तम, गाडी काढायचा प्रश्न येत नाही.

बाटल्या झाकायच्या. जुने मोजे चालतात, वर्तमानपत्राचा कागद आणि रबर चालतं. एकाने ओतायचं, ग्लासखाली अ आणि ब लिहायचं. मग पाच मिनिटं पूर्ण शांतता. कोणी ‘वा’ सुद्धा म्हणायचं नाही. आधी लिहायचं, मग बोलायचं. चौघांत एकजण नेहमी मोठ्या आवाजाचा असतो, आणि त्याने ‘चेरी’ म्हटलं की सगळ्यांना चेरी लागते. हे मी इतक्यांदा बघितलंय की माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गटाला मी आधी पेन्सिली वाटते.

जोडी एकदा नीट चाखून झाली की तीन ग्लासांचा खेळ करा. दोन ग्लासांत एकच वाइन, तिसऱ्यात जोडीतली दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येईल, म्हणून एकदा जमलं तर फार मानू नका, पुन्हा करा. दोन्ही शिराझ सलग तीनदा वेगळ्या काढता आल्या, की ‘सगळ्या रेड सारख्याच लागतात’ हे वाक्य तुम्ही परत म्हणणार नाही.

चाखताना सोबत साधी चपाती किंवा पाव आणि पाणी. चीज नको, त्यातली चरबी तुरटपणा मऊ करते आणि दोन्ही वाइन जवळ येतात. जेवण नंतर. दुपारी तळलेला मासा, नारळाच्या रसातली कोलंबी असं काही केलंत तर उरलेली नवी रिझलिंग त्याबरोबर घ्या, फार छान जाते. तांबड्या रश्शाबरोबर बरोसाची शिराझ मात्र उघडू नका. तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते, मग ना रश्श्याची चव राहते ना वाइनची. तिला सुकं मटण, मिरी-खोबऱ्याचं, मिरची बेताने घातलेलं.

आता निवांत वीकेंडचा खरा फायदा. आमच्याकडे सेलर डोअरला, म्हणजे वाइनरीतल्या चाखण्याच्या जागी, पाहुण्याला प्रत्येक वाइनबरोबर चार-पाच मिनिटं मिळतात, तुम्हाला दोन दिवस आहेत. म्हणून शनिवारच्या चारही बाटल्या संपवायच्या नाहीत. चौघांचे 120 मिली गेले की बाटलीत सहाशेच्या वर उरतं. त्यातलं जेवणाला काही घ्या, पण निदान पाव बाटली ठेवा. झाकण घट्ट लावून सगळ्या फ्रिजमध्ये, रेडसुद्धा. स्क्रू कॅपची इथे मोठी सोय आहे. क्लेअरच्या रिझलिंगवाल्यांनी 2000 च्या हंगामात एकत्र येऊन बुचं सोडली आणि पुढे बाकीचे त्यांच्या मागून गेले. बूच असलेली एखादी जुनी बाटली आली आणि तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास असेल, तर तो बुचाचा दोष. ती दुकानात परत करा, चाखत बसू नका.

रविवारी सकाळी नव्या काबर्नेच्या आधी शनिवारच्या चारही वाइन पुन्हा एकेक घोट. कालचा कागद उलटा ठेवून, नव्याने लिहायचं. बहुतेक वेळा असं होतं की काल सगळ्यांना भारावून टाकणारी बाटली आज सपाट पडलेली असते आणि काल कोपऱ्यात राहिलेली खुलून आलेली असते. ग्रँपियन्सची शिराझ काल जरा आखडलेली वाटली असेल, तर आज तिची मिरी जास्त स्पष्ट येईल असा माझा अनुभव. नवी रिझलिंग जवळजवळ तशीच असेल. जुनी बहुधा खाली बसलेली, वय झालेल्या वाइनला रात्रभर उघडं राहणं झेपत नाही. कुठली टिकली आणि कुठली नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. त्या यादीतली टिकलेली वाइन पुढे एखाद-दोन जास्तीच्या घेऊन काही वर्षं ठेवण्यासारखी असण्याची शक्यता चांगली.

रविवारचं जेवण झालं की शेवटी रदरग्लेन मस्कॅट. ही तुमच्याच राज्यातली, ईशान्य व्हिक्टोरियातली. द्राक्षं वेलावरच मनुकांसारखी सुकू देतात, रस आंबायला लागला न लागला तोच त्यात स्पिरिट घालतात, आणि मग पिंपात वर्षानुवर्षं. चार पायऱ्या आहेत: रदरग्लेन, क्लासिक, ग्रँड आणि रेअर. क्लासिक घ्या, अर्धी बाटली पुरते. रंग काकवीचा, वास मनुकांचा, खजुराचा, थोडा कॉफीचा. ही तिसऱ्या दिवशी तपासायची गरज नाही. अठरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल आणि एवढी साखर, त्यामुळे उघडल्यावरही फ्रिजमध्ये काही आठवडे राहते. पाहुणे सोमवारी गेले की उरलेल्या रेड बुधवारपर्यंत संपवा. मस्कॅट मात्र राहू द्या. एखाद्या रविवारी पुरणपोळी झाली की तव्यावरची गरम पोळी, वर तूप, आणि शेजारी एवढासा ग्लास.